सकाळी चालू होत नाही, पीयूसीला पास होत नाही: आमच्या अल्टोचं एकच दुखणं

बाबांची २००७ ची अल्टो एलएक्स. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, एमपीएफआय (कार्बुरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी), सव्वा लाख किलोमीटर झालेली. २०२२ मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतली, कारण बाबांना दुसरी गाडी नकोच आहे. रोजचं चालणं म्हणजे नाशकातल्या गंगापूर रोडवरून कॉलेज रोड, तिथून बँक, भाजी आणि घर. जाऊन-येऊन सात-आठ किलोमीटर, तेही तीन ठिकाणी थांबत.

दुखणं असं. निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर यायला लागला की आमची गाडी सकाळी रुसायची. सेल्फ मारला की इंजिन जोरात फिरायचं, पण पकडायचं नाही. पाच-सहा वेळा सेल्फ मारल्यावर एकदाची पेटायची, मिनिटभर थरथरायची, सायलेन्सरमधून काळपट धूर आणि पेट्रोलचा वास. मग दिवसभर बरी चालायची. आणि पीयूसीला नेली की नापास. बीएस-४ (बीएस म्हणजे धुराचे सरकारी निकष) च्या आधीच्या गाड्यांना पीयूसी सहाच महिन्यांची मिळते, त्यामुळे ही कटकट वर्षातून दोनदा ठरलेली.

तीन हिवाळे आम्ही जे केलं ते सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. पहिल्या वर्षी बॅटरी बदलली. दुसऱ्या वर्षी प्लग, प्लगच्या वायरी, एअर फिल्टर, थ्रॉटल बॉडीची सफाई. मधेच कुणाच्या तरी सांगण्यावरून पेट्रोलच्या टाकीत ओतायची बाटली. तिसऱ्या वर्षी एकाने कॉन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा डबा) बदला म्हणून सांगितलं, दुसऱ्याने थेट ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला म्हणून निदान केलं. प्रत्येक वेळी एक गोष्ट मात्र हमखास व्हायची: प्लग साफ केले किंवा बदलले की तीन-चार आठवडे गाडी पहिल्या सेल्फला चालू. मग पुन्हा तेच. म्हणजे प्लग हा आजार नव्हता, प्लगवर आजार दिसत होता. हे लक्षात यायला मला तीन वर्षं लागली.

आधी वही, मग पाना

गेल्या डिसेंबरात मी पंधरा दिवस घरी होतो. ठरवलं की या वेळी काही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. गाडी किती तास उभी होती, किती सेल्फ लागले, धूर कसा, आदल्या दिवशी किती चालली. बाबा म्हणाले, "अरे, गाडीची कुंडली मांडतोयस का?" मांडलीच.

चालू होत नाही ही एकच तक्रार नसते, तिचे किमान तीन-चार प्रकार असतात आणि त्यांची कारणं एकमेकांपासून लांब असतात.

सेल्फ मारल्यावर इंजिन जड, ओढून ओढून फिरत असेल किंवा नुसतं टकटक वाजत असेल तर बॅटरी, टर्मिनल किंवा अर्थिंग. मल्टिमीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतो, तो घ्याच. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ती दहाच्या खाली फार जाऊ नये. गाडी चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ दिसलं तर अल्टरनेटर ठीक. अर्थिंग तपासायचं तर एक पिन बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. पाव व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर इंजिनला जाणारी अर्थची पट्टी खराब. जुन्या गाड्यांत ही पट्टी गंजलेली असते आणि बिचाऱ्या बॅटऱ्या बदलल्या जातात.

इंजिन झपझप फिरतं पण पकडत नाही, तर बॅटरीला सोडून द्या. तिथे ठिणगी, पेट्रोल आणि कॉम्प्रेशन, या तिघांपैकी कोण गैरहजर आहे ते बघायचं. फिरण्याचा आवाज नेहमीपेक्षा एकदम हलका, एकसुरी वाटला तर सेल्फ मारणं थांबवा, टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. आणखी एक फुकटची चाचणी: चावी ऑन करून दोन-तीन सेकंद थांबा, मागच्या सीटखालून पंपाची घूं ऐका, बंद करा, असं तीनदा करून मग सेल्फ मारा. एवढ्याने पटकन चालू झाली तर रात्रीत पेट्रोलचं प्रेशर उतरतंय, म्हणजे पंपाचा वाल्व्ह किंवा गळका इंजेक्टर.

सकाळी छान चालू होते, पण चालवून वीस मिनिटं थांबवली की होत नाही, ही तिसरीच तऱ्हा. तिथे गळका इंजेक्टर किंवा तापल्यावर दगा देणारा क्रँक किंवा कॅम सेन्सर पहिले संशयित. थंड झाल्यावर आपोआप बरी होते म्हणून गॅरेजमध्ये नेईपर्यंत पुरावाच नाहीसा होतो.

आमची वही काय म्हणाली? इंजिन झपझप फिरतं. चावी तीनदा ऑन करून काही फरक नाही. गरम असताना कधीच त्रास नाही. आणि सगळ्यात कामाची नोंद अशी की मी एका रविवारी गाडी त्र्यंबकेश्वरला नेऊन आणली, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती दोन सेल्फमध्ये चालू झाली. लागोपाठ चार दिवस फक्त भाजीबाजार झाला की आकडा परत सहावर. लांब चाललं की सुधारते, जवळच्या फेऱ्यांनी बिघडते.

एक युक्ती मधेच सांगून ठेवतो. पेट्रोलचा वास येईपर्यंत सेल्फ मारून इंजिन ओलं झालं असेल तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवून सेल्फ मारा. बऱ्याच एमपीएफआय गाड्यांत तेव्हा ईसीएम इंजेक्टर बंद ठेवतो आणि आत साठलेलं पेट्रोल हवेबरोबर निघून जातं. पेटली की पाय सोडा. आमची गाडी या युक्तीने दरवेळी चालू व्हायची, आणि तोही एक पुरावाच होता: पेट्रोल कमी पडत नव्हतं, जास्त होत होतं.

प्लग आणि पावती

तिन्ही प्लग काढून जुन्या लोकसत्तेवर ओळीने ठेवले. तिन्हींवर कोरडी, मखमली काजळी, बोटाला लागली की चुलीवरच्या पातेल्यासारखी. निरोगी प्लगचं टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असतं. पांढरंफटक असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी किंवा ताप जास्त. ओशट, तेलकट काळं असेल तर ऑइल वर येतंय. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी, किंवा प्लग स्वतःला साफ करण्याइतका तापतच नाही.

पण रंगापेक्षा महत्त्वाचं असं की तिन्ही सारखेच काळे होते. एकच काळा असता तर त्या सिलिंडरचा इंजेक्टर किंवा वायर शोधली असती. तिन्ही एकसारखे म्हणजे चूक अशा ठिकाणी, जिथून तिघांनाही आज्ञा जाते.

ठिणगी बघायची असेल तर वायर हवेत धरून ती उडवण्याची जुनी पद्धत सोडा. कॉइल जाते, आणि झटका बसला तर हात सुन्न होतो. प्लग वायरला लावून त्याची धातूची बाजू इंजिनला घट्ट टेकवा, इंजेक्टरचे सॉकेट काढून ठेवा आणि मगच सेल्फ मारा.

आता पीयूसीची पावती. लोक पास की नापास एवढंच बघतात. तिच्यावर दोन आकडे असतात आणि ते फुकटचं निदान असतं. बीएस-२ आणि बीएस-३ च्या पेट्रोल गाड्यांना आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना) कार्बन मोनॉक्साइड ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ७५० पीपीएम ही मर्यादा. त्याहून जुन्यांना ३ टक्के आणि १५०० पीपीएम. बीएस-४ ला ०.३ आणि २००. आमची पावती होती: कार्बन मोनॉक्साइड २.४, हायड्रोकार्बन ६२०.

कार्बन मोनॉक्साइड म्हणजे अर्धवट जळलेलं पेट्रोल: जाळायला पेट्रोल होतं, पण प्राणवायू पुरला नाही. हायड्रोकार्बन म्हणजे न जळताच बाहेर आलेलं. पहिला कमी आणि दुसरा आभाळाला भिडलेला असेल तर मिसिंग, म्हणजे सिलिंडर मधेच न पेटणं, शोधा: प्लग, वायर, वाल्व्ह, किंवा हवा जास्त झाल्याने न पेटणारं मिश्रण. पहिलाच फार वर असेल तर मिश्रण श्रीमंत आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, ठिणगीच्या मागे लागू नका. दोन्ही वर असतील तर श्रीमंत मिश्रणाने प्लग खाल्ले आणि आता मिसिंगही सुरू झालं, म्हणजे आमच्यासारखं: आमचा दुसरा आकडा मर्यादेत होता, पण तिच्या जवळ पोहोचलेला.

म्हणूनच कॉन्व्हर्टर बदलायचा सल्ला मी बाजूला ठेवला. कॉन्व्हर्टरला कार्बन मोनॉक्साइड जाळायला प्राणवायू लागतो. श्रीमंत मिश्रणात तो शिल्लकच नसतो, मग कॉन्व्हर्टर नवा असो की जुना, करणार काय? उलट जास्तीच्या पेट्रोलने तो आतून तापून नवाही खराब होतो. पुढचं मिश्रण दुरुस्त केल्याशिवाय मागचा महाग डबा बदलू नये.

हल्ली सगळं खापर इथेनॉलवर फोडायची पद्धत आहे. बाबांचंही तेच मत होतं, "हे सगळं त्या ई-२० मुळे." इथेनॉलने थंडीत चालू व्हायला थोडा त्रास होतो, जुन्या रबरी नळ्याही खराब होऊ शकतात, हे खरं. पण इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो, त्यामुळे मिश्रण गरिबीकडे झुकतं. कार्बन मोनॉक्साइड वाढणं ही बरोबर उलटी दिशा आहे. शिवाय आमची गाडी ई-२० नाशकात येण्याच्या आधीपासून नापास होत होती.

काटा कधी वर चढतच नाही

तर तिन्ही सिलिंडरना जास्त पेट्रोल द्या असं कोण सांगतंय? एमपीएफआय गाडीत चोक नसतो. चोकचं काम ईसीएम करतो: इंजिन थंड असेल तर इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवतो, गरम होत जाईल तसं कमी करतो. थंड आहे की गरम, हे त्याला कूलंटचा टेम्परेचर सेन्सर सांगतो. ऑक्सिजन सेन्सरही सायलेन्सरच्या पाइपातून बातम्या पाठवत असतो, पण तो स्वतः साधारण तीनशे अंशांना तापल्याशिवाय खरं बोलत नाही, आणि इंजिन थंड असेपर्यंत ईसीएम त्याचं ऐकतही नाही.

मी त्या पंधरा दिवसांत पहिल्यांदाच डॅशबोर्डकडे नीट बघितलं. टेम्परेचरचा काटा तळाच्या रेघेच्या किंचित वर. कॉलेज रोडला पोहोचलो तरी तिथेच. परत घरी आलो तरी तिथेच. बाबांना विचारलं तर ते अभिमानाने म्हणाले, "आपली गाडी कधीच तापत नाही. कसाऱ्याला त्या वेळी तापली होती ना, तेव्हापासून एकदा पण नाही!"

कसाऱ्याला त्या वेळी. २०१६ च्या मे महिन्यात मुंबईहून येताना कसारा घाटात ट्रकच्या रांगेमागे गाडी तापली होती, बोनेट उघडून तासभर थांबावं लागलं होतं. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवाल्याने दुरुस्त करून दिली, फक्त दीडशे रुपये घेतले. काय केलं होतं त्याने? बाबांना आठवत नव्हतं. "कायतरी काढून टाकलं, म्हणाला आपल्या हवेत लागत नाही."

इथे मी मटकन खालीच बसलो.

थर्मोस्टॅट काढणं ही आपल्याकडची जुनी रीत. आपल्याकडे बर्फ पडतो का, मग हे फॉरेनचं बुजगावणं कशाला, असा हिशेब. पण थर्मोस्टॅट बाहेरच्या हवेसाठी नसतोच. इंजिन लवकर ८०-८५ अंशांवर यावं आणि तिथेच राहावं म्हणून असतो. तोवर तो रेडिएटरकडे जाणारी वाट बंद ठेवतो आणि पाणी इंजिनातच फिरतं. तो नसला की पहिल्या सेकंदापासून पाणी रेडिएटरमधून थंड होत राहतं. हिवाळ्यात, चार किलोमीटरच्या फेरीत, इंजिन कोमटच राहतं. ईसीएम बिचारा प्रामाणिकपणे थंड इंजिनाचं जास्तीचं पेट्रोल देत राहतो. प्लग काजळतात, काजळीतून ठिणगी गळते, सकाळी सेल्फ वाढतात. कार्बन मोनॉक्साइड वाढतो. ॲव्हरेज पडतं. इंजिन ऑइलच्या पट्टीला पेट्रोलचा वास येतो, आमच्या पट्टीला येतच होता.

ओळखायची पद्धत अगदी सोपी. सकाळी गार गाडी चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या जाड होज पाइपवर तळहात ठेवा, फॅन आणि बेल्टपासून बाही सांभाळून. थर्मोस्टॅट शाबूत असेल तर पाइप काही मिनिटं गारच राहतो आणि मग एकाएकी चटका बसावा इतका तापतो, आतून दार उघडल्यासारखा. आमचा पाइप दुसऱ्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला, आंघोळीचं पाणी तापावं तसा, आणि कोमटच राहिला. थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असला तरी असंच होतं, त्यामुळे तुमचा कुणी काढला नसेल तरी ही चाचणी करा.

सेन्सरवर आळ घेण्याआधी त्याचीही साक्ष काढली. लक्षात ठेवा, जुन्या मारुतीत दोन वेगळे सेन्सर असतात: काट्यासाठी एका वायरचा आणि ईसीएमसाठी दोन वायरींचा. काटा बरोबर दाखवतोय म्हणून दुसरा बरोबर असेलच असं नाही. दोन वायरींच्या सेन्सरचा सॉकेट काढून त्याच्या पिनांवर मल्टिमीटर ओहमवर लावला. २० अंशांना असा सेन्सर साधारण अडीच हजार ओहम दाखवतो, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. आमच्याकडे सकाळी तेरा अंश असताना तीन हजार तीनशे. म्हणजे सेन्सर खरा. बाजाराची फेरी करून आल्यावर साडेआठशे, म्हणजे जेमतेम ५० अंश. सेन्सर खोटं बोलत नव्हता, इंजिनच गार होतं.

या वयाच्या गाडीला मोबाईलला जोडायचा स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक चालत नाही. आपल्याकडे ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवून स्कॅनरला सांगायची सोय, सक्तीची झाली ती बीएस-४ बरोबर, २०१० पासून. त्याआधीच्या गाडीला जुन्या मारुत्या वाचणारा स्कॅनर असलेलं गॅरेज शोधावं लागतं. मी मल्टिमीटरवर भागवलं.

थर्मोस्टॅट चारशे रुपयांच्या आत मिळाला, वर ८२ कोरलेलं. बसवण्याआधी पातेल्यात पाणी, पाण्यात दोऱ्याने लटकवलेला थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर असा प्रयोग गॅसवर केला. आईने चहाचं पातेलं द्यायला साफ नकार दिला, आणि बरोबरच होतं तिचं. जुना, कूलंट लागलेला थर्मोस्टॅट तपासत असाल तर ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका, कूलंट विषारी असतं. ८० पार झाल्यावर पितळी चकती हळूच उचलली गेली, नव्वदीच्या पुढे पूर्ण उघडली. नवा असला तरी असा बघून घ्यावा, बाजारात नकली माल भरपूर.

पण नुसता थर्मोस्टॅट टाकला असता तर बाबा पुढच्या मेमध्ये पुन्हा कसाऱ्यात थांबले असते. २०१६ ला गाडी तापली होती ती कशाने? ते कारण दीडशे रुपयांत गेलं नव्हतं, फक्त झाकलं होतं. रेडिएटरवाल्या चाचांकडे रेडिएटर काढून नेला. त्यांनी पाणी सोडून दाखवलं: एका बाजूने धार, दुसऱ्या बाजूने थेंब. वर्षानुवर्षं बोअरिंगचं पाणी ओतलेलं, अर्ध्या नळ्या क्षारांनी बंद. त्यांनी साफ करून दिला. मग डिस्टिल्ड वॉटरमध्ये अर्धं कूलंट मिसळून भरलं, झाकण उघडं ठेवून बुडबुडे संपेपर्यंत इंजिन चालवलं. गरम इंजिनाचं झाकण मात्र कधीही उघडू नका, तोंडावर वाफ येते.

तरीही ०.९

नवे प्लग टाकले, गाडी दुसऱ्या दिवशी दहा अंशांत पहिल्या सेल्फला चालू. काटा मधोमध. मी खुशीत पीयूसीला. कार्बन मोनॉक्साइड ०.९, हायड्रोकार्बन २४०. सुधारणा मोठी, पण नापास ते नापासच. तिथल्या एकाने "पासची पावती काढून देऊ का" असं हळूच विचारलं. नको म्हटलं.

आता इंजिन गरम होतं, म्हणजे ईसीएम ऑक्सिजन सेन्सरचं ऐकत असणार. सेन्सरच्या सिग्नल वायरवर मल्टिमीटर लावला. गरम इंजिनावर हा आकडा ०.१ आणि ०.९ व्होल्टच्या मधे सारखा वर-खाली नाचला पाहिजे. आमचा ०.१५ वर बसून. सेन्सर ओरडतोय की हवा जास्त आहे, पेट्रोल वाढवा. पावती म्हणतेय पेट्रोल जास्त आहे. दोघांपैकी एक चुकतोय.

सेन्सर बदला, असंच कुणीही म्हणेल. मी एकदा ॲक्सिलरेटर झटकन दाबून सोडला: आकडा क्षणात ०.८ वर उडी मारून परत खाली. मेलेला सेन्सर अशी उडी मारत नाही. म्हणजे तो जिवंत आहे आणि त्याच्या नाकाशी खरोखरच बाहेरची हवा येतेय.

मग आठवलं, सकाळी गार असताना इंजिनाजवळ शिलाई मशीनसारखा टिकटिक आवाज येतो आणि गरम झाल्यावर जातो. आम्ही सगळे त्याला टॅपेटचा आवाज समजत होतो. गार इंजिन चालू करून बाबांना जाड ओल्या फडक्याने सायलेन्सरचं तोंड दोन-तीन सेकंद दाबायला सांगितलं. मॅनिफोल्डपाशी (सिलिंडरांचा धूर गोळा करणारा पाइप इंजिनाला जोडतो तिथे) फुसऽ असा स्पष्ट आवाज, गॅस्केटच्या (सांध्यातल्या पट्टीच्या) कडेला काजळीची काळी रेघ. एक्झॉस्टचे झटके असतात, दोन झटक्यांच्या मधे तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो. (हे सगळं उघड्यावर करा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं, ज्या वायूसाठी नापास होतोय तोच तो वायू.)

गॅस्केट स्वस्त, मजुरी नाही. अठरा वर्षं भाजलेले स्टड, म्हणजे मॅनिफोल्ड धरून ठेवणारे बोल्ट. आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला होता, तरी एक तुटलाच आणि तो ड्रिल करून काढण्यात मेकॅनिकचा अर्धा दिवस गेला. संध्याकाळी टिकटिक बंद. सेन्सरचा आकडा नाचायला लागला. दुसऱ्या दिवशीची पावती: कार्बन मोनॉक्साइड ०.१४, हायड्रोकार्बन ८५. कॉन्व्हर्टर तोच, अठरा वर्षांपूर्वीचा.

पीयूसीला जाताना पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवून मगच जा. रांगेत उभं राहून कॉन्व्हर्टर थंड होतो, म्हणून नंबर यायच्या आधी दोनेक मिनिटं इंजिन साधारण अडीच हजार आरपीएमवर धरा. यात लबाडी काही नाही, गरम इंजिनाचंच माप घ्यायचं असतं.

गाडी वेगळी असेल तर

कार्बुरेटरची मारुती ८०० किंवा पद्मिनी असेल तर वरच्यातलं सेन्सरचं पुराण सोडा, बाकी विचार तोच. चोकची केबल अर्धवट ओढलेली राहते, फ्लोटमधून पेट्रोल ओसंडतं, आणि पीयूसीच्या दिवशी मिक्श्चरचा स्क्रू आत पिळून पास केलेली गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी चालू होत नाही. थर्मोस्टॅट तिथेही लागतो.

सीएनजी किट बसवलेल्या जुन्या गाडीत पेट्रोलचे इंजेक्टर वापर नसल्याने चिकटतात, आणि सकाळी नेमकं पेट्रोलवर चालू करायची असते. आठवड्यातून दहा-पंधरा किलोमीटर पेट्रोलवर चालवा. डिझेलवाल्यांचा थंडीतला पहिला संशयित ग्लो प्लग, तो तपासायला पुन्हा तोच मल्टिमीटर.

मी पुण्याला परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा फोन. आवाज घाबरलेला. "अरे, गाडी तापतेय! काटा निम्म्यावर आलाय, मी बाजूला घेऊन थांबलोय." त्यांना म्हटलं, बाबा, काटा तिथेच हवा. नऊ वर्षं ज्यांनी तळाशी पडलेला काटा बघितला त्यांना ते पटेना. शेवटी व्हिडिओ कॉल केला, आणि आईकडून काचेवर स्केचपेनने दोन रेघा मारून घेतल्या: या दोघींच्या मधे असेल तर चालवत राहायचं, वरची ओलांडली तर थांबायचं.